पोटातला जिना

अण्णांच्या एक्क्याऐंशीच्या शांतीचा मुहूर्त भटजींनी नव्हे, नळानं काढला होता. गारखेड्यात, अण्णांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या सांडूच्या मळ्यात, पाणी सहाव्या दिवशी येतं. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी कार्य धरलं की टाक्या भरलेल्या असतात, भांडी घासायला बाई नाक मुरडत नाही, आणि पन्नास माणसांचे हात धुऊन निघतात. मंजुषानं बोटांवर सहा-सहा मोजत रविवार धरला. पत्रिका वाटून झाल्या आणि नळानं सवयीप्रमाणे दगा दिला. पाणी एक दिवस पुढं गेलं.

त्यामुळे ते आलं रविवारीच, सकाळी अकराला, अण्णांच्या हातावर भटजी संकल्पाचं पाणी सोडत असताना. गल्लीतून कुणीतरी "आलंऽऽ" म्हणून हाक दिली आणि औक्षणाला बसलेल्या सगळ्या सवाष्णी ताटं तशीच ठेवून उठल्या. गारखेड्यात याला कुणी अपशकुन म्हणत नाही. भटजींनीही मंत्र थांबवून घरी फोन लावला, "मोटर लाव गं."

पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी पिवळं होतं आणि त्याला वास होता. कसला, ते सगळ्यांना माहीत होतं. चतुराबाईंनी सुनेला एवढंच सांगितलं, "दोन उदबत्त्या जास्तीच्या लाव."

मंजुषानं उदबत्त्या लावल्या. पण सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बऱ्याच वासांवर उदबत्त्या लावून झाल्या होत्या, आणि आजचा फॉर्म तिच्या पर्समध्ये होता.

तो फॉर्म म्हणजे असा. यंदा महापालिकेनं वसाहती-वसाहतींना विचारलं होतं, तुमच्याकडं आधी काय करायचं ते तुम्हीच सांगा. तीन कामं, क्रमानं, रहिवाशांच्या सह्यांसकट. विकास समितीचा अध्यक्ष तिचा नवरा गोकुळ, आणि अक्षर चांगलं म्हणून सचिव ती. अक्षर चांगलं असणं हा बाईमाणसाला शापच आहे. जन्मभर दुसऱ्याचं लिहीत बसायचं. चार वाजता अतुल नावाचे अभियंता साहेब गल्ली मोजायला आणि फॉर्म न्यायला येणार होते.

जेवणं उरकली. पाव्हणे पांगले, देवगाव रंगारीची मंडळी जीपमध्ये बसून गेली. हॉलमध्ये घरचे उरले आणि गल्लीतली चार डोकी. अण्णा नव्या धोतरात खुर्चीवर अवघडून बसले होते. गोकुळनं घसा साफ केला.

"एक आनंदाची गोष्ट सांगायचीय. समितीनं ठरवलंय, पहिलं काम गल्लीच्या तोंडाशी कमान. ‘सांडू पाटील नगर’. दुसरं कॅमेरे. तिसरं मोठे दिवे, कमानीवर."

समोरच्या घरातल्या पुंडलिकनं टाळी वाजवली. एकट्याचीच टाळी, म्हणून ती जरा लवकर थांबली.

"कमानीचे खांब कुठं येणार, अहो?" मंजुषानं विचारलं.

"कुठं म्हंजे? दोन बाजूला."

"एका बाजूला आपला लोखंडी जिना. दुसऱ्या बाजूला पुंडलिक भाऊजींचा ओटा. मधी उरले सहा फूट. त्यात खांब रोवले तर माणसानं कमानीखालून आडवं होऊन जायचं का?"

"ते साहेब बघतील. अगं, कमान म्हंजे ओळख असते! लोक विचारतात कुठं राहता, गारखेड्यात. गारखेड्यात कुठं? तिथं आपलं तोंड शिवल्यासारखं होतं."

"तोंड कशाला शिवायचं पाटील?" दाराशी बसलेल्या बानाबाईनं पदर सावरला. "म्हणायचं, जिथं नळातून गटार येतं तिथं. रिक्षावाला बरोबर आणून सोडंल."

बानाबाई गल्लीच्या पार शेवटच्या घरातली. अण्णांनी मळ्याचे गुंठे पाडले तेव्हा पहिला गुंठा तिच्या नवऱ्यानं, केरबानं घेतला होता, मेंढरं विकून. मागच्या दिवाळीत केरबाचं अर्धं अंग गेलं. अँब्युलन्स आली, तोंडाशी अडकली, आणि पोरांनी केरबाला बाजेवर घालून दोनशे पावलं पळवत आणलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. ‘तर’च्या पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही. बाजेचा एक खूर त्या धावपळीत लोखंडी जिन्याच्या पायरीवर आपटला होता. तो आवाज मंजुषानं स्वयंपाकघरात ऐकला होता, आणि तेव्हापासून तिचं आणि त्या जिन्याचं पटत नव्हतं.

तिनं पर्स उघडली. "मी फॉर्म लिहिलाय," ती म्हणाली. "तुम्ही सांगितला तो नाही. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगते. पहिलं, गल्ली नऊ फूट मोकळी. दुसरं, पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन वेगळी करणं. आज दोन्ही एकाच चारीत झोपल्यात. तिसरी ओळ रिकामी ठेवलीय."

"सचिव हायेस तू!" गोकुळचा आवाज चढला. "ठराव समितीचा असतो."

"समितीत सात पुरुष. पाणी भरायला एक तरी उठतो का?"

पुंडलिक छताच्या पंख्याकडं बघू लागला.

"साहेबांना मी फोनवर विचारलंय," मंजुषा पुढं म्हणाली. "वेगळी लाईन टाकायची तर लहान मशीन आत यावं लागतं. त्याला नऊ फूट लागतात, तोंडापासून शेवटापर्यंत सलग. नसतील तर आपली गल्ली यादीतून बाहेर. पुढची यादी कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. आणि सगळ्यांत अरुंद जागा आपल्याच दारात आहे."

आता कुठं वरच्या मजल्यावरची मोनिका बोलली. इतका वेळ ती सासूच्या मागं उभी राहून पान लावत होती.

"म्हणजे तुमच्या पाण्यापायी आमचा जिना."

ही धाकटी जाऊ. अकरा वर्षांत दोघी जावांमध्ये जेवढं बोलणं झालं, ते सगळं सणावारी आणि तिसऱ्याच्या तोंडून. भांडणही पाण्याचंच. अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात खालच्या हौदाची मोटर आधी कुणी लावायची यावरून सुरू झालं आणि ‘तुझ्या बापानं काय दिलं’ यावर जाऊन थांबलं. विश्वजीतनं, गोकुळच्या धाकट्या भावानं, महिन्याभरात गल्लीत दोन फूट पुढं लोखंडी जिना काढला, वेगळी मोटर बसवली आणि वरचं बिऱ्हाड वेगळं केलं. घराच्या पोटातल्या जुन्या जिन्याला वरून प्लायवूड ठोकलं. खालच्या पायऱ्यांवर मंजुषानं हळूहळू गाद्या, पापडाचे डबे, मोडका कूलर रचला. भिंत बांधायची हिंमत कुणालाच झाली नाही. सामान मात्र सगळ्यांना रचता येतं.

"आमचं एकट्याचं नाही, सगळ्या गल्लीचं पाणी," मंजुषा म्हणाली.

"व्हय, गल्लीचं. आणि आम्ही खाली यायचं कसं? दोर सोडून?"

"पोटातल्या जिन्यानं."

विश्वजीतनं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. चितेगावच्या कंपनीत तो सुपरवायझर होता; पन्नास माणसांना ओरडायचा, घरी मात्र ‘हं’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांत त्याचं भागायचं.

"बघू," तो म्हणाला.

"काय बघू?" मोनिका त्याच्यावरच घसरली. "तुमची दुसरी पाळी सुटली की घरी यायला साडेबारा होतात. खालचं दार कुणी उघडायचं? माझ्या माहेरचं माणूस आलं तर ह्यांच्या हॉलमधून, ह्यांच्या डोळ्यांखालून वर जायचं? पिशवीत काय आणलं, किती दिवस राहिले, सगळी हजेरी खाली? नाय जमायचं मला."

तिचं खोटं नव्हतं. मंजुषाला ते तिच्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण हजेरी घेणारी तीच असणार होती. तिच्या सोफ्यावरून सगळं घर दिसतं. अकरा वर्षं हा हॉल तिचा एकटीचा होता. दुपारी केस मोकळे सोडून, पाय वर घेऊन बसायची सवय लागली होती. ती सवयही जिन्याबरोबर तुटणार होती.

गोकुळला बायकोविरुद्ध कधी नव्हे ते भावजयीचं बळ मिळालं. "मोनिका बरोबर बोलतीय! घरातली शांतता घालवून कसली आलीय गल्ली? आई, तूच सांग."

चतुराबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. थोरल्याच्या बाजूनं बोलायचं हा त्यांचा चाळीस वर्षांचा रिवाज. सगळे तेच ऐकायच्या तयारीत बसले.

"माझे गुडघे कसे हायेत, कुणाला ठावं हाय का?" त्या म्हणाल्या. "ते लोखंड उन्हात तापतं. पावसात घसरतं. ह्या घरात मी राहते आणि वरच्या नातवंडांचं तोंड बघायला मला दिवस कलायची वाट बघावी लागती. धाकट्या नातीला गोवर आला तवा मी चार दिवस खालूनच इचारत होते, ताप उतरला का गं म्हणून. पोटातल्या जिन्याला कठडा हाय. मला कठडा पाहिजे. झालं माझं."

मोनिकाच्या हातातलं पान तसंच राहिलं. "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी इचारलं?"

अण्णा खुर्चीतून पुढं वाकले. त्यांना ऐकू कमी येतं असा घरात समज होता आणि तो त्यांनी मोडला नव्हता, सोयीचा होता.

"गोकुळ, जिना कुणाच्या जागंत हाय?"

"अण्णा, तसं बघितलं तर..."

"तसं नको. सरळ बघ."

"गल्लीच्या."

"गल्ली कुणाची?"

"आपलाच मळा होता की."

"होता." अण्णांनी बानाबाईकडं बोट केलं. "हिच्या नवऱ्याला मी गुंठा दिला तवा नकाशा नव्हता. कासरा होता आणि चार खुंट्या. कडब्याची भरली गाडी उभी केली, दोन्ही अंगाला हात-हात सोडला, खुंट्या ठोकल्या. लोक हसले मला. म्हणले, सांडू, वाटंला येवढी जागा सोडतो का, दोन गुंठे जास्त निघले असते. मी म्हणलं, माणसानं गुंठा घेतला तर त्याला घरापोत जाता आलं पाहिजे. कागदात काय लिव्हलंय बानाबाई?"

"मला कुठं वाचता येतं पाटील? पण पाठ हाय. उगवतीला नऊ फुटी वाट."

"मी केरबाला नऊ फूट इकली. सहा नाय इकली." अण्णा थांबले, धाप लागली होती. "आणि हा जिना उभा राहत होता तवा मी ह्याच दारात बसून बघत होतो. लोकाच्या वाटंत चाललंय ते दिसत होतं मला. म्हणलं, जाऊ दे, दोघं भाऊ एकमेकांचं तोंड न बघता गपगुमान राहतील. भांडण मिटवायपरीस जिना सोपा वाटला. केरबाला बाजंवर नेलं त्या दिवशी मी ह्या खुर्चीतून उठलो पण नाय."

बानाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"पण अण्णा, कमान तुमच्याच नावाची..." गोकुळ पुटपुटला.

"नको लावू. माझ्या नावाखालून लोक नाक दाबून जातील."

मंजुषा उठली आणि मोनिकासमोर जाऊन उभी राहिली. तिसऱ्याच्या तोंडून बोलायचं नाही, एवढं तिनं सकाळीच ठरवलं होतं. "जिन्याच्या वरच्या तोंडाला दार लावू. कडी तुझ्या बाजूनं. खालच्या दाराची किल्ली तुम्हा दोघांकडं, मी उठणार नाही आणि विचारणारही नाही. सोफा मी त्या भिंतीला सरकवते, पाठ जिन्याकडं करून. तुझ्या माहेरचं कुणी आलं तर मला दिसणारच नाही."

"आणि मोटर?" मोनिकानं विचारलं.

हा प्रश्न येणार हे मंजुषाला ठाऊक होतं. उत्तर तयार होतं. अकरा वर्षांपूर्वी हेच उत्तर दिलं असतं तर हा जिना झालाच नसता.

"मोटर एकच ठेवू. बटण वर बसव. तुझ्या स्वयंपाकघरात."

"अगं ए!" गोकुळ उभाच राहिला. "उद्या खाली पाण्याचा थेंब आला नाही तर?"

"तर मी वर जाऊन हाक मारीन. जिना असेल ना आता."

मोनिकानं जावेकडं नीट बघितलं. हातातलं पान तिनं सासूला दिलं. "नुसत्या बोलण्यावर नाय. बटण आधी, जिना नंतर. वायरमन मी बोलावते."

"बोलाव."

"आणि ते पापडाचे डबे माझ्या पायात आलेले चालणार नाहीत."

"डबे आजच काढते."

विश्वजीतनं घसा खाकरला. सगळ्यांना वाटलं आता ‘हं’ येणार. "कूलर एकटीनं उचलू नका वहिनी," तो म्हणाला. "जड आहे. मी आणि दादा काढतो."

गोकुळनं भावाकडं बघितलं, मग दुसरीकडं बघितलं, आणि तो मोडका कूलर कुणीतरी आत्ताच्या आत्ता नजरेआड केला पाहिजे असं काहीतरी बोलत जिन्याच्या बाजूला गेला. कूलर निघाला. त्याच्यामागं एक मेलेली पाल, कुणाचं तरी पहिलीतलं पुस्तक आणि कठड्यावर बोटभर धूळ निघाली. वरून विश्वजीतनं प्लायवूडचे खिळे उपटले तेव्हा खालच्या हॉलमध्ये वरच्या खिडकीचा उजेड आला. चतुराबाई उठल्या, कठडा धरून दोन पायऱ्या चढल्या आणि तिथंच बसून राहिल्या. उरलेल्या पायऱ्यांची त्यांना घाई नव्हती.

चार वाजून गेल्यावर अतुल साहेब आले. तरुण पोरगा, घामेजलेला, हातात मोठा टेप. त्यांनी गल्ली मोजली, लोखंडी जिन्याजवळ थांबून आकडा लिहिला आणि हॉलमध्ये येऊन फॉर्म मागितला.

"दोन्ही घरमालकांच्या सह्या लागतील. आपखुशीनं काढतोय म्हणून."

विश्वजीतनं सही केली. पेन गोकुळच्या हातात आलं आणि अडलं. "मी लोकांना काय तोंड दाखवू? अध्यक्षाच्या बायकोनं अध्यक्षाचा ठराव फिरवला?"

"असं कशाला सांगता?" मंजुषा म्हणाली. "सांगा, अध्यक्षांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरावर हातोडा चालवला."

गोकुळ विचारात पडला. ते वाक्य त्यानं मनातल्या मनात माईकवरून म्हणून बघितलं असावं, कारण त्याचा चेहरा जरा उजळला. त्यानं सही केली, वळणदार, खाली दोन टिंबं देऊन.

"तिसरी ओळ रिकामी आहे," साहेब म्हणाले.

"बानाबाई, सांगा," मंजुषा म्हणाली.

"मी?" बानाबाई गडबडली. "आमच्या वळणावर दिवा नाय. सून रत्नमाला शिलाईच्या कामावरून येती तवा मोबाईलचा उजेड धरून येती. एक दिवा लिव्हा. मोठा नको, बारका चालंल."

मंजुषानं तो तिच्या त्या शापित चांगल्या अक्षरात लिहिला. बानाबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि फॉर्मवर असा दाबला की टेबल हललं.

साहेबांनी फॉर्म घडी न घालता फाईलमध्ये ठेवला. "मॅडम, खरं सांगतो. जिना गेला की इथं आठ होतील, नववा फूट समोरच्या ओट्यात आहे. तो धरून शेवटापर्यंत अकरा घरांचे ओटे आणि पायऱ्या बाहेर आलेत. कुणाच्या एक फूट, कुणाच्या दोन. मी शनिवारी परत मोजणार. सलग नऊ भरलं तर गल्ली यादीत. काम कधी सुरू होईल ते माझ्या हातात नाही, तसला शब्द देत नाही."

"शब्द नको. तुम्ही शनिवारी या," मंजुषा म्हणाली. "आम्ही भरून ठेवतो."

साहेब गेले. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की पुंडलिक हॉलमध्ये नाही. ‘ओटे’ हा शब्द निघाला तसा तो उठला होता, चप्पल हातात घेऊन.

मंजुषानं वहीत अकरा नावं लिहिली. पहिलं पुंडलिकचं. मग ती दारात उभी राहून मनात वाक्यं जुळवू लागली. भाऊजी, राग मानू नका. भाऊजी, आपल्याच लेकराबाळांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. भाऊजी, आम्हीही आमचं...

"काय पुटपुटताय ताई?" मोनिका मागं येऊन उभी राहिली होती. नवऱ्याचा पोलादी टेप तिनं कमरेला खोचला होता.

"कसं समजवायचं ते बघतेय."

"तेच चुकतं तुमचं. तुम्ही समजावत बसता. समोरचा तोवर दाराला कडी घालतो." मोनिकानं पदर खोचला. "अकरा वर्षं तुमच्याशी भांडून माझा हात बसलाय. तो कुठंतरी कामाला येऊ द्या. चला."

दोघी गल्ली ओलांडून गेल्या. ओलांडायला सहाच फूट होते. पुंडलिकच्या ओट्याला नव्या लाल फरशीच्या तीन पायऱ्या होत्या आणि तिसरी थेट गटारावर आली होती. मोनिकानं दार वाजवलं. आत टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. तिनं पुन्हा वाजवलं, या वेळी मुठीनं.

दार बोटभर उघडलं. "मी झोपलो होतो," पुंडलिक म्हणाला.

"झोपा की भाऊजी," मोनिका गोड आवाजात म्हणाली. "आमचा जिना निघतोय. तुमच्या पायऱ्या बाहेर किती येतात तेवढं मोजून जातो. तुम्हाला उठायचं काम नाय. पण जागे असाल तर हे टोक धरा."

मंजुषानं जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं गिळली. तिनं टेपचं दुसरं टोक घेतलं, पातळ गुडघ्यात आवरलं आणि गटाराच्या कडेला खाली बसली.